रक्ताआधी पत्ता तपासणाऱ्यांनो

"आधी दारू बंद कर."

झालं निदान. माझ्या बापाच्या डोळ्यांत हळद उतरलेली, तीन दिवस पोटात अन्नाचा कण टिकत नव्हता, अन् समोरचा तिशीतला डॉक्टर केसपेपरवरचा पत्ता वाचून सांगत होता, दारू बंद कर. बाप साठीचा. डॉक्टर अरे-तुरे करत होता. पत्ता पिंपरीतल्या झोपडपट्टीचा, पत्त्याच्या वर आडनाव. बस्स, तपासणी संपली. पोटाला हात लावला नाही. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं नाही.

बाप म्हणाला, "साहेब, मी पीत नाही."

डॉक्टर हसला. "सगळे असंच म्हणतात."

दोस्तांनो, माझ्या बापानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. आजानं धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, अन् त्या दिवसापासून आमच्या घरात बाटली आली ती फक्त रॉकेलची. बाप विहारात पंचशील म्हणतो तेव्हा पाचव्या शीलाला त्याचा आवाज जरा चढतो, कारण त्याचा थोरला भाऊ दारूनंच गेला. असा माणूस. तो आरोपीसारखा उभा होता अन् न्यायाधीशानं साक्षीदार न बोलावताच निकाल दिला होता.

कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की त्या एकाची भानगड होते अन् बाकीचे हात झटकून सुटतात.

साक्षीदार होता. बापाच्या रक्तातच होता. त्याला बोलावणं पाठवायला मला ओपीडीत आरडाओरडा करावा लागला, सिक्युरिटीवाल्यानं माझं बखोट धरलं, तेव्हा कुठं रक्त काढलं. रिपोर्ट आला. एसजीपीटी ६४०. एसजीओटी ४१०. दोन्ही चाळीसच्या आसपास असायला पाहिजेत.

आता हा साक्षीदार कोण ते समजून घ्या, कारण आपल्या वस्तीत हजार फाईलींत हा शब्द छापलेला असतो अन् कुणी वाचत नाही. एन्झाईम. पाठ्यपुस्तकात त्याला विकर म्हणतात. ऐकून विकृत असल्यासारखं वाटतं, आपण एन्झाईमच म्हणू. शरीरातलं प्रत्येक काम कुणीतरी मजूर करतो, तो मजूर म्हणजे एन्झाईम. अन्न फोडणारा वेगळा, विष निष्प्रभ करणारा वेगळा, रक्तातल्या तांबड्या पेशीचं गंजण्यापासून रक्षण करणारा वेगळा. एसजीपीटी अन् एसजीओटी हे मुख्यतः पेशीच्या आत काम करणारे. लिव्हरची पेशी फुटली की हे बाहेर सांडतात, रक्तात येतात. कारखान्याची भिंत पडल्यावर आतले कामगार रस्त्यावर दिसावेत तसे. रस्त्यावर गर्दी किती त्यावरून आत किती पडझड झालीय त्याचा अंदाज येतो.

अन् हे साक्षीदार नुसतं "पडझड झाली" एवढंच सांगत नाहीत, कुणी केली त्याचाही इशारा देतात. दारूनं लिव्हर सुजलं तर बहुधा एसजीओटी जास्त असतं, एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून वर, अन् आकडे सहसा तीन-चारशेच्या पुढं जात नाहीत. औषधानं किंवा कावीळीच्या व्हायरसनं पेशी फुटल्या तर एसजीपीटी पुढं धावतं. बापाचं एसजीपीटी पुढं होतं. सहाशेच्या वर होतं. म्हणजे त्या कागदावर माझ्या बापाची बाजू लिहिलेली होती, दोन आकड्यांत. ती वाचायला एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाचं ज्ञान पुरतं.

बापाच्या पिशवीत टीबीचं कार्ड होतं. गोळ्या चालू होऊन एकविसावा दिवस. भोसरीतल्या एका फौंड्रीत ठेकेदाराकडं बावीस वर्षं वाळू झाडली त्यानं. ती बारीक वाळू, सिलिका, फुप्फुसात बसते अन् टीबीला जागा करून देते. हे वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. टीबीच्या चार गोळ्यांपैकी तीन, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, लिव्हरला इजा करू शकतात, हेही ठाऊक आहे. उलटी, मळमळ अन् कावीळ दिसली, अन् एसजीपीटी नेहमीच्या तिप्पट झालं की गोळ्या ताबडतोब थांबवायच्या, हा जगभरचा नियम आहे. बापाचं सोळापट होतं.

बाप चार दिवस आधी का आला नाही? कारण गोळ्या देताना त्याला एकच गोष्ट सांगितली होती: "लघवी लाल-नारिंगी होईल, घाबरू नको." खरंच होते, रिफॅम्पिसिनचा रंग असतो तो. पण कावीळीतही लघवी गडद होते! दोन रंगांतला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. डोळे पिवळे झाले तर तो गोळीचा रंग नाही, ते लिव्हर ओरडतंय, हे एक वाक्य. एवढं एक वाक्य सांगायला किती पैसे पडतात?

दुसरीकडं एका डॉक्टरबाईंनी कागद पाहिला अन् गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. एसजीपीटी उतरल्यावर एकेक गोळी परत सुरू केली, दर वेळी रक्त तपासून. बाप वाचला, टीबीही गेला. बाईंनी त्याला "काका" म्हटलं, हे तो अजून सांगतो. गोळ्यांचं नाव त्याला आठवत नाही.

सगळे डॉक्टर जातीयवादी आहेत असं मी म्हणत नाही, म्हणण्याची गरजही नाही. मी म्हणतो, आपलं निदान आपल्या रक्ताच्या आधी आपल्या पत्त्यावर होतं. पोरगा अशक्त, आई ढिसाळ. बाई पांढरी पडली, गुटखा खात असेल. बाप पिवळा, दारू. अन् ही गंमत बघा: हे सगळं ज्ञान, कुठली गोळी कुणाच्या लिव्हरला बाधते, कुणाच्या कानाला, कुणाच्या रक्ताला, हे पहिल्यांदा कळलं ते आमच्यासारख्यांच्याच अंगावरून. बंगल्यातल्यांच्या अंगावरून नाही.

आयसोनियाझिड घ्या. १९५२ पासून ही गोळी वापरात आहे. लिव्हरमधलं एक एन्झाईम, ॲसिटाइल ट्रान्सफरेज, ती गोळी निकामी करून बाहेर काढतं. काहींचं हे एन्झाईम झपाट्यानं चालतं, काहींचं रेंगाळत. जन्मजात. यात जात नाही, धर्म नाही, आईबापाकडून आलेलं असतं. आपल्या देशात निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं रेंगाळणारी. ज्याचं एन्झाईम रेंगाळतं त्याच्या अंगात गोळी साचते, हातापायांच्या नसा जळजळतात, मुंग्या येतात, लिव्हरचा धोकाही वाढतो. नसांसाठी बी-सहा व्हिटॅमिनची स्वस्तातली गोळी सोबत दिली की भागतं.

हे कुठं नीट कळलं? मद्रासला. १९५६ साली तिथं टीबीच्या औषधांवरचं संशोधन केंद्र निघालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना अन् ब्रिटिशांची संशोधन परिषद, चौघांनी मिळून. पेशंट कोण? मद्रासच्या गर्दीच्या वस्त्यांतले गरीब. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच खोपटात राहू दिलं, गोळ्या त्याच. १९५९ साली निकाल छापला: खोपटातली माणसंही तेवढीच बरी झाली. त्यानंतर जगभरची महागडी सॅनेटोरियमं ओस पडत गेली. त्याच केंद्रानं रेंगाळणाऱ्या एन्झाईमचा अन् जळजळणाऱ्या पायांचा संबंध तपासला, बी-सहाचा उपाय पडताळला. साठ वर्षं झाली. साठ वर्षांपूर्वी मद्रासच्या झोपडपट्टीनं स्वतःचे पाय जाळून दिलेलं उत्तर पिंपरीच्या झोपडपट्टीपर्यंत अजून चालतच येतंय. आमच्या गल्लीत एका बाईनं तीन महिने पाय पाण्याच्या बादलीत बुडवून रात्री काढल्या. तिला सांगितलं होतं, उष्णता आहे.

अन् पिंपरी म्हणजे काही औषधाचं नाव न ऐकलेलं खेडं नाही! आमच्या वस्तीतून एच. ए. कंपनीची भिंत दिसते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली स्थापन झालेली, औषध बनवणारी देशातली पहिली सरकारी कंपनी; युनिसेफ अन् जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं उभी राहिली. १९५५ साली इथं पेनिसिलीन निघायला लागलं. हे १९५४ साल लक्षात ठेवा. त्याच साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी इथून हाकेच्या अंतरावर देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. एकाच वर्षात, एकाच रस्त्यावर, दोन औषधं आली. एक आम्ही घेतलं. दुसऱ्याच्या भिंतीबाहेर आम्ही राहिलो.

पेनिसिलीन हेही एन्झाईमचंच राजकारण. जंतू आपल्या अंगाभोवती तट बांधतो, तो तट बांधणाऱ्या एन्झाईमच्या हातात पेनिसिलीन बेडी घालतं. तट अर्धवट राहतो, जंतू फुटून मरतो. मग जंतूही शहाणे झाले. त्यांनी पेनिसिलीन फोडणारं एन्झाईम पुढं केलं. ह्या एन्झाईमचा शोध १९४० सालीच लागला होता, पेनिसिलीन बाजारात यायच्याही आधी. म्हणून नवी पेनिसिलिनं बनवायची वेळ आली. एच. ए. मध्ये नुसत्या बाटल्या भरत नव्हते, संशोधनही चालायचं. तिरुमलाचार नावाच्या शास्त्रज्ञानं तिथं बुरशीवरचं औषध शोधलं, हॅमायसिन, एच. ए. वरून नाव. ते ज्या जंतूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. शास्त्राच्या पुस्तकात पिंपरीचं नाव आहे, भावांनो, लॅटिनमध्ये! पिंपरीच्या माणसाच्या केसपेपरवर तेच नाव आलं की डॉक्टरचं तोंड वाकडं होतं.

त्याच कुळातलं स्ट्रेप्टोमायसिन. टीबीवरचं पहिलं खरं औषध, १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शात्झ नावाच्या विद्यार्थ्यानं तळघरातल्या प्रयोगशाळेत खपून काढलेलं. नोबेल १९५२ साली मिळालं ते त्याच्या साहेबाला, वॅक्समनला, एकट्याला. शात्झला सहसंशोधक म्हणवून घ्यायला कोर्टात जावं लागलं होतं. राबणारा एक, मिरवणारा दुसरा. ते आपल्याकडंच असतं असं नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचा दुष्परिणाम पहिल्या वर्षांतच कळला होता. कान. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मरतात, अन् मेल्या की परत उगवत नाहीत. आधी कानात आवाज येतो, चक्कर येते. त्याच वेळी इंजेक्शन थांबवलं तर पुष्कळदा उरलेलं ऐकणं वाचतं.

माझ्या आत्याला नव्वदच्या दशकात टीबी झाला. रोज इंजेक्शन, दोन महिने. आत्या भीमजयंतीला गायची. पेटीवाला नाही आला तरी नुसत्या डफावर रात्र जागवायची. पाचव्या आठवड्यात ती कंपाउंडरला म्हणाली, कानात रातकिडे ओरडतात. कंपाउंडर म्हणाला, अशक्तपणा आहे, अंडी खा. राहिलेली इंजेक्शनं पुरी केली, कारण कोर्स पुरा झाला पाहिजे. कोर्स पुरा झाला. आत्या आता बहिरी आहे. ओठ बघून बोलते. गात नाही, कारण स्वतःचा सूर ऐकू येत नाही अन् बेसूर गाणं तिला पटत नाही.

आता ते इंजेक्शन मागं पडलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली परत टीबी झालेल्यांचा तो जुना स्ट्रेप्टोमायसिनचा कोर्स बंद करायला सांगितला, अन् पुढच्या दोन वर्षांत त्याचा भाऊ कॅनामायसिनही बाद ठरवला. चांगलं झालं. पण मधल्या सत्तर वर्षांत आपल्या वस्त्यांत किती कान गेले ते कुणी मोजलं? जे मोजलंच नाही ते झालंच नाही, ही सरकारी दफ्तराची जुनी चाल. २०१० साली केंद्र सरकारनं औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा कार्यक्रम सुरू केला. पेशंट स्वतः नोंद करू शकतो. फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४. आमच्या गल्लीत विचारलं, एकालाही माहीत नव्हता. दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, कसला नंबर?

अजून एक एन्झाईम ऐका. जी-सिक्स-पीडी. तांबड्या पेशीला गंजू न देणारा मजूर. काही लोकांत हा जन्मतःच कमी असतो, बहुतेक करून पुरुषांत त्रास दिसतो. एरवी काही कळत नाही. पण मलेरियाची प्रायमाक्विन गोळी पोटात गेली की रक्तातल्या पेशी फटाफट फुटतात. लघवी चहासारखी काळी, डोळे पिवळे, दम लागतो. हे कुठं सापडलं? अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात. १९४४ पासून तिथं कैद्यांना मुद्दाम मलेरिया देऊन औषधांचे प्रयोग चालले होते. काही कैद्यांचं रक्त गोळीनं फुटायला लागलं, त्यात बहुतेक काळे. मग शोध घेत घेत १९५६ साली कारण हाती आलं: हे एन्झाईम कमी. शोध मोठा आहे, त्यानं जगभर जीव वाचतात, मी नाकारत नाही. पण तो बेड्या घातलेल्या काळ्या माणसाच्या काळ्या लघवीत सापडलाय, हे विसरायचं नाही.

तुरुंगातून आता चाकणला या. पत्र्याच्या खोल्या, एकेकीत आठ-दहा पोरं, विदर्भातली, मराठवाड्यातली, झारखंड-ओडिशातली. बांधकामाच्या खड्ड्यात पाणी, पाण्यात डास. व्हायवॅक्स मलेरिया झाला की तो लिव्हरमध्ये दडून बसतो, त्याला उखडायला चौदा दिवस प्रायमाक्विन लागतं. आपल्या देशाच्याच मार्गदर्शक सूचना आहेत: जी-सिक्स-पीडी कमी असलेल्याला देऊ नका, लघवी गडद झाली की गोळी थांबवून परत या असं पेशंटला सांगा. अन् आदिवासींच्या कित्येक जमातींत ह्या एन्झाईमची कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते, हेही आपल्याच शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. मोजताना जमातीचं नाव विचारलं होतं. गोळी देताना विचारतात का? कोण सांगतं त्या पोराला लघवीचा रंग बघ म्हणून? त्याला दुसऱ्या दिवशी पाळीला जायचं असतं, खाडा झाला तर ठेकेदार नवा आणतो.

ह्याच खोल्यांपैकी एका खोलीत चंद्रपूरकडचा एक पोरगा राहायचा, आपल्यातला. थंडीत, रात्रपाळीत त्याचे हातपाय असे ठणकायचे की तो भिंतीवर डोकं आपटायचा. सुपरवायझर म्हणायचा, नाटक करतो. दवाखान्यात दुखीचं इंजेक्शन देऊन वाटेला लावायचे. सिकलसेल होता त्याला. हे एन्झाईम नव्हे, हिमोग्लोबिन. पण कहाणी तीच. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक कडी बदललेली, म्हणून ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते अन् बारीक नळीत अडकते. पाणी कमी, थंडी, ताप, अतिश्रम, यानं कळा येतात. म्हणजे चाकणची रात्रपाळी जशी असते तशीच सगळी परिस्थिती.

विदर्भातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलेला निबंध १९५८ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तेव्हापासून आजवर ह्या विषयावरच्या निबंधांचा ढीग पडला. त्यात महार असा शब्द किती वेळा येतो ते मोजायला बसा. तक्त्यात महार, रकान्यात महार, त्याच्यापुढं टक्के. म्हणजे संशोधन करायचं तेव्हा आमची जात पाहिजे, स्पष्ट पाहिजे, पोटजातीसकट पाहिजे. उपचाराची वेळ आली की, "आम्ही जात बघत नाही." अरे, मग बघा ना एकदा! चंद्रपूरचा पोरगा, आपल्या समाजातला, सांधे ठणकतात, डोळे पिवळसर, हिमोग्लोबिन कमी. तुमच्याच तक्त्यातला रकाना तुमच्यासमोर उभा आहे अन् तुम्ही त्याला नाटकी म्हणता. जात अपमानाला आठवते अन् निदानाला विसरते, हे कसलं शास्त्र?

१ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ ची मुदत घातली. आदिवासी भागांत चाचण्या होतायत, व्हायलाच पाहिजेत. पण पोट भरायला घर सोडलेला पोरगा मोहिमेच्या गावात नसतो, चाकणच्या पत्र्याखाली असतो. त्याची चाचणी कुणाच्या हद्दीत? हायड्रॉक्सियुरिया नावाची स्वस्त गोळी आहे, नीट रक्त तपासत दिली तर कळा कमी होतात. २०२३ च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत ह्या आजारावर जनुक दुरुस्त करणारा इलाज मंजूर झाला, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्याची बातमी सगळ्या पेपरांत आली. अन् २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलला अपंगत्व म्हणून जागा दिलीय, ही बातमी त्या पोराला आम्ही सांगितली तेव्हा कळली. तोवर त्याचं काम गेलं होतं.

आता दोन बाजूंनी दगड येतील. येऊ द्या.

पहिला दगड: डॉक्टर एका ओपीडीत दीडशे पेशंट बघतो, त्याला कशाला धरता? बरोबर. दीडशे पेशंटांचं ओझं आम्ही टाकलं नाही त्याच्यावर. ज्यांनी जागा भरल्या नाहीत त्यांच्याशीही भांडू. पण गर्दीमुळं घाई होते, मान्य. "दारू बंद कर" हे घाईतून येत नाही. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हे म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो. मी मोजलाय. दोन्ही वाक्यं दोन-दोन सेकंदांची आहेत. आम्ही प्रत्येकाच्या जनुकाची तपासणी मागत नाही. गोळ्या सुरू करण्याआधी एक एसजीपीटी अन् उलट्या लागल्यावर एक. मलेरियाच्या गोळीआधी एन्झाईमची तपासणी, नसेल जमत तर निदान लघवीच्या रंगाचं ते वाक्य. एवढंच मागतोय, अन् भीक म्हणून मागत नाही.

दुसरा दगड आपल्यातूनच येणार. बघा, आम्ही म्हणतच होतो, इंग्रजी औषध म्हणजे विष, टाका त्या गोळ्या. खबरदार! टीबीची गोळी मध्येच सोडणारा स्वतः मरतो अन् खोलीतल्या पाचांना देऊन मरतो. दुष्परिणाम कळला म्हणजे औषध खोटं ठरत नाही. माझा बाप त्याच गोळ्यांनी बरा झाला, फक्त कुणीतरी रक्त बघून दिल्या. लिंबू उतरवणाऱ्या बाबाकडं जाऊन दुष्परिणामांची यादी मिळत नाही, कारण त्याच्या औषधाचा काही परिणामच नसतो. अन् स्टेजवरून व्यवस्थेच्या चिंधड्या उडवणारे आपले कार्यकर्ते! तीन तास भाषण ठोकतात, घरी आईच्या फाईलमधला रिपोर्ट उलटा धरतात. मीही धरत होतो. बापाच्या डोळ्यांत हळद उतरेपर्यंत मला एसजीपीटी म्हणजे कुठली बस वाटायची.

एच. ए. चं काय झालं तेही सांगून टाकतो, कारण रोज ती भिंत दिसते. १९९७ साली कंपनीला आजारी उद्योग म्हणून घोषित केलं. कंपनीचं निदान किती चटकन झालं बघा! पत्ता बघावा लागला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, जादा जमीन विकून देणी भागवा. २०१९ च्या जुलैत २८० कोटी १५ लाखांचं कर्ज मंजूर केलं, थकलेले पगार अन् स्वेच्छानिवृत्ती यासाठी. कामगारांनी पगाराविना महिने काढले. दरम्यान ज्या देशानं पिंपरीत १९५५ साली पेनिसिलीन बनवलं तो देश पेनिसिलीन-जी चीनकडून आणायला लागला, कारण इथले कारखाने एकामागून एक बंद पडले. २०२० साली सरकारनं ते परत इथं बनवणाऱ्यांना पैसे द्यायची योजना काढली, २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याला एका खाजगी कंपनीचा कारखाना सुरू झाला. संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या पोरांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं एक इंजेक्शन लागतं, वर्षानुवर्षं. हा आजार गर्दीच्या, कोंदट खोल्यांतल्या पोरांचा. इंजेक्शन स्वस्त, म्हणून बनवण्यात कुणाला रस नाही, म्हणून वेळोवेळी बाजारातून गायब. महाग असतं तर दुकानादुकानात मिळालं असतं.

आम्ही आता एक उद्योग सुरू केलाय. रविवारी सकाळी वंदना झाली की विहारातच चटईवर बसतो. डी.फार्म.ची एक पोरगी आहे, लॅबमध्ये रक्त काढणारा एक पोरगा आहे, मी आहे. आम्ही डॉक्टर नाही, औषध देत नाही, बंद करायलाही सांगत नाही. फाईल वाचतो. कुठली गोळी, कधीपासून, कुठला आकडा वर गेला, डॉक्टरला जाऊन काय विचारायचं, ते मराठीत चिठ्ठीवर लिहून देतो. त्रास झाला असेल तर त्या फुकट नंबरवर तिथूनच फोन लावतो. पहिल्या दोन महिन्यांत एकाच्या डोळ्यांतला पिवळेपणा वेळेत दिसला. एका डॉक्टरनं चिठ्ठी फाडली, एकानं वाचून "बस" म्हणून खुर्ची दिली.

आत्या दारात बसते. इंजेक्शनचा कोर्स चालू असलेलं कुणी आलं की ती आधी स्वतःच्या कानाकडं बोट दाखवते, भुवया वर करते. माणूस मान हलवून सांगतो, हो किंवा नाही.

बाप चहा करतो. येताना जुने रिपोर्ट घेऊन या, फाटलेले असले तरी चालतील.